दृष्टीचा भाव कोण ठरविणार?

वार्धक्यात दृष्टिपटलावरील पीतबिंदू झिजला की कडेचे दिसत राहते. समोरचा चेहरा, वाचावयाचे अक्षर मात्र पुसले जाते. या विकाराच्या ‘ओल्या’ प्रकारात गळक्या रक्तवाहिन्यांना डोळ्यातील इंजेक्शनने आवर घालता येतो. २०११ साली अमेरिकी सरकारच्या खर्चाने झालेल्या चाचणीत कर्करोगावरील अव्हॅस्टिन हे औषध दृष्टी राखण्यात ल्युसेंटिसच्या तोडीचे ठरले. तेव्हा एका मात्रेस पहिल्याचे सुमारे ५० डॉलर पडत, दुसऱ्याचे २०००! दोन्ही औषधे घडविणारी कंपनी एकच. स्वस्त औषधाविषयी संगनमताने भय पसरविल्याबद्दल २०१४ मध्ये इटलीच्या स्पर्धा-प्राधिकरणाने रोश व नोव्हार्टिस यांना सुमारे १८ कोटी युरोंचा दंड ठोठावला. झीज निसर्गाची आहे. चाळीसपट भाव मक्तेदारीचा होता. म्हणूनच औषधांची पारख जनतेच्या पैशाने, जनतेसाठीच झाली पाहिजे.