प्यालेला माणूस माणसे ओळखतो

नवऱ्याने दारू पिऊन बायकोला मारले की शेजारीपाजारी ठरल्यासारखे एक वाक्य बोलतात: ‘तसा माणूस वाईट नाही हो, दारू त्याला करायला लावते.’ सकाळी शुद्धीवर आल्यावर मारणाराही हेच म्हणतो. पुष्कळदा मार खाणारी बाईसुद्धा हेच म्हणते, कारण तिला त्याच माणसाबरोबर पुढचे आयुष्य काढायचे असते. तिने तसे म्हणणे समजण्यासारखे आहे. पण आपल्या साथींनीही हे वाक्य न तपासता स्वीकारावे, याला काय म्हणावे?

रोजचे निरीक्षण या वाक्याच्या विरुद्ध साक्ष देते. बाजाराच्या संध्याकाळी गुत्त्यातून झोकांड्या खात निघालेल्या ऊसतोड मजुराला वाटेत मुकादम भेटला, तर तो अंग सावरून रामराम घालतो. पोलीस दिसला तर गल्ली बदलतो. घराचा उंबरठा ओलांडल्यावर मात्र त्याची शुद्ध हरपते! ज्या मेंदूला मुकादम कोण आणि बायको कोण हे इतके अचूक कळते, त्याची शुद्ध गेली असे कसे म्हणावे? हात कोणापुढे जोडायचे आणि कोणावर उचलायचा, हा धडा समाजाने त्याला दारूच्या कितीतरी आधी पढवलेला असतो. दारूने सावधपणा सैल होतो, हे खरेच. परंतु सैल झालेला हात कोणत्या दिशेला जाईल, हे बाटलीत लिहिलेले नसते.

मॅकअँड्र्यू आणि एजर्टन या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हाच मुद्दा मांडला. ठिकठिकाणच्या समाजांतील वर्णने एकत्र करून त्यांनी दाखवून दिले की, मद्य पिऊन एका समाजातला माणूस भांडायला उठतो, तर दुसरीकडचा गप्प बसून राहतो. प्यालेल्याला समाज जेवढी मुभा देतो, तेवढीच तो घेतो. त्यानंतर १९७३ साली मार्लाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. व्यसनी आणि प्रसंगी पिणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या माणसांना त्यांनी चव पाहण्याच्या निमित्ताने पेये दिली. काहींना व्होडका मिसळलेले पेय साधे टॉनिक वॉटर म्हणून दिले, तर काहींना साधे टॉनिक वॉटर व्होडका म्हणून. आपण व्होडका पीत आहोत असे ज्यांना वाटत होते, ते अधिक प्याले. पेल्यात प्रत्यक्ष काय होते, याला फारसे महत्त्व उरले नाही. ‘एक घोट पोटात गेला की माझा माझ्यावर ताबा राहत नाही’ हे वाक्यसुद्धा, म्हणजे, काही अंशी शिकलेलेच असते.

यावरून व्यसन हे निव्वळ ढोंग आहे, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. वर्षानुवर्षे पिणाऱ्याने एकाएकी दारू सोडली तर हातपाय कापतात, भास होतात, झटके येतात. प्रसंगी जीवही जातो. त्याला देवळात नेऊन शपथ घालणे हा अडाणीपणा आहे. त्याला दवाखान्याची गरज असते, आणि तालुक्याच्या गावीही त्याच्यासाठी खाट मिळणे मुश्कील असते. पण त्या अवस्थेला पोचण्यापूर्वीची जी दहा-पंधरा वर्षे असतात, त्यांत सवय घडते. ती घडते मजुरी हाती पडण्याच्या वेळेला, कामावरून परतण्याच्या वाटेवरच्या दुकानात, ‘एवढे कष्ट केले, आता तुझा हक्कच आहे’ म्हणणाऱ्या सोबत्यांच्या संगतीत.

आपल्यातले काही जण म्हणतात की दारू हा दुय्यम प्रश्न आहे, शोषण संपले की तो आपोआप सुटेल. ते एंगल्सचा हवाला देतात. इंग्लंडमधील कामगारवर्गावरच्या १८४५ च्या ग्रंथात त्याने कामगाराच्या दारूचे खापर त्याच्या माथी न फोडता, त्याला दुसरा विसावाच न ठेवणाऱ्या व्यवस्थेवर फोडले, हे खरे आहे. तथापि एंगल्सने कारण सांगितले. त्याचा आपण परवाना करून टाकला. शोषित पुरुषाच्या घरात जी शोषित बाई आहे, तिने क्रांतीपर्यंत मार खात थांबावे, असे कोणत्या पोथीत लिहिले आहे?

सरकारचे तर विचारायलाच नको. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा महाराष्ट्राचे नाव लावून आजही अस्तित्वात आहे. त्याच्याखाली पिण्याचा परवाना ‘आरोग्य राखण्यासाठी’ म्हणून दिला जातो, आणि त्याच दारूच्या उत्पादनशुल्काकडे अर्थखाते आशेने पाहत असते. दुकाने बंद केली की हातभट्टी वाढते, असा धाक हेच लोक घालतात. जून २०१५ मध्ये मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसे मेली, तेव्हा मुंबईत दुकाने काही बंद नव्हती. गरिबाला स्वस्तातले विष घ्यावे लागते, ते दुकान उघडे असतानाही.

आता आडव्या बाटलीकडे येऊ. गावातले दारूचे दुकान बंद करण्यासाठी पंचवीस टक्के महिला मतदारांच्या सह्यांचा अर्ज द्यावा लागतो. मग मतदान होते. त्यात पडलेल्या मतांचे बहुमत पुरत नाही. २००८ च्या आदेशाप्रमाणे एकूण नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. म्हणजे जी बाई घरातून निघालीच नाही, तिचे मत उभ्या बाटलीच्या पारड्यात पडते. मतपत्रिका गुप्त असते, पण रांगेत कोण उभी होती हे सगळ्या गावाला दिसते, आणि संध्याकाळी नवऱ्यालाही कळते. ज्या भीतीपोटी दुकान बंद व्हायला हवे, तीच भीती दुकानदाराच्या बाजूने मोजली जाते.

आमदार-खासदार पडलेल्या मतांवर निवडून येतात. मतदानाला न आलेल्यांची मते विरोधात धरली, तर विधानसभेतल्या किती खुर्च्या भरतील? तेव्हा आपली पहिली मागणी असावी ती मोजणीच्या या नियमाविरुद्ध: दुकानाचा निकालही पडलेल्या मतांवरच लागला पाहिजे. आणि मतदानाच्या दिवशी साथींनी भाषणे न करता वस्तीवस्तीतून बायकांबरोबर केंद्रापर्यंत चालत जावे. संध्याकाळी त्यांच्या दारावरूनही एक फेरी मारावी. प्यालेला माणूस माणसे ओळखतो. दारात चार जण उभे असलेले त्यालाही दिसतील.