३१ मेच्या आत मेन स्विच पाडून दाखवा

शहरातल्या खासगी, धर्मादाय आणि सरकारी अशा सर्व रुग्णालयांच्या चालकांना हा जाहीर इशारा आहे. ३१ मेच्या आत, भर दिवसा, रुग्णांची पर्यायी सोय करून आणि विद्युत अभियंत्यासमोर मेन स्विच पाडा. अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रियागृह आणि नवजात कक्षाचा भार तुमचा जनरेटर उचलतो की नाही, ते आम्हाला पाहायचं आहे.

‘आमच्याकडे जनरेटर आहे’ हे उत्तर चालणार नाही. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईत भांडुपच्या महापालिका प्रसूतिगृहातली वीज गेली. जनरेटर सुरू झाला नाही आणि मोबाइलच्या उजेडात सिझेरियन झालं, असा नातेवाइकांचा आरोप आहे. आई आणि बाळ दोघंही गेली. हे घडलं देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेत.

जनरेटर ऐनवेळी का रुसतो, ते कोणत्याही मेकॅनिकला विचारा. इंजिन बहुतेकदा धडधाकट असतं, मेलेली असते ती स्टार्टरची बॅटरी. नाहीतर टाकीच्या तळाला पाणी साचलेलं असतं, फिल्टर चोंदलेला असतो, किंवा ऑटो पॅनेल ‘मॅन्युअल’वर टाकून कुणीतरी घरी गेलेला असतो. चाचणी म्हणजे पाच मिनिटं घरघर आणि रजिस्टरमध्ये सही! भाराविना चालवलेल्या इंजिनात उलट काजळी साठते. अमेरिकेतलं मानक महिन्यातून एकदा अर्धा तास, किमान ३० टक्के भारावर इंजिन चालवायला सांगतं आणि जीवरक्षक जोडण्यांना १० सेकंदांत वीज मागतं. ते १० सेकंदही यूपीएसने सांभाळायचे असतात. व्हेंटिलेटरला स्वतःची बॅटरी असते. बाळाच्या वॉर्मरला बहुधा नसते. कोविडकाळात फिती कापून सुरू केलेले, हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे पीएसए प्रकल्पही विजेवरच चालतात, हे तर अनेकांच्या गावीही नाही.

जनरेटरची जागाही तपासा. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणच्या कोविड रुग्णालयाची वीज तुटली आणि आठ रुग्ण दगावले. मृत्यूच्या कारणांवर वाद झाला. वाशिष्ठी नदीचं पाणी किती चढलं, यावर कुणीच वाद घातला नाही. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात २०१२ च्या सँडी वादळात जनरेटर तेराव्या मजल्यावर कोरडे होते, पण डिझेलचे पंप तळघरात बुडाले. माणसांची साखळी करून जिन्याने डिझेल वर चढवावं लागलं आणि शेवटी रुग्णालय रिकामं करावं लागलं.

१२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, तेव्हा पालिका आयुक्तांनी रुग्णालयांना किमान आठ तासांचं डिझेल ठेवायला बजावलं होतं. आम्ही चोवीस तासांचं मागतो, कारण पुरात डिझेलचा टँकरही अडकतो.

चाचणीचा अहवाल, बॅटरी बदलल्याची तारीख, डिझेलचा साठा आणि रात्रपाळीत पॅनेल हाताळणाऱ्याचं नाव प्रवेशद्वाराशी लावा. सरकारी रुग्णालयांनी निधीचं कारण सांगू नये. सांगायचंच असेल तर बॅटरीची फाइल कोणाच्या टेबलावर किती दिवस पडून आहे, तेही त्याच फलकावर लिहावं.

मुदतवाढ मिळणार नाही. १ जूनला फलक नसलेल्या रुग्णालयांची यादी चौकाचौकांत लागेल. त्याच दिवशी विद्युत निरीक्षकांकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार जाईल आणि खासगी रुग्णालयांच्या नोंदणी नूतनीकरणाला लेखी हरकत घेतली जाईल. त्यानंतर वीज जाऊन कुणी दगावलं, तर हा इशारा पोहोचल्याची पोच आम्ही पोलिसांकडे पुरावा म्हणून देऊ.