हिमनद्यांचे मुद्दल कोणी मोजले?

हिमालयातील हिमनद्या किती वेगाने मागे हटत आहेत, असा प्रश्न संसदेत वारंवार विचारला जातो आणि त्याचे लेखी उत्तरही आता ठरून गेले आहे. हिंदुकुश-हिमालयातील हिमनद्या वर्षाला सरासरी १४.९ मीटर मागे सरकतात; सिंधूच्या खोऱ्यात हे प्रमाण १२.७, गंगेच्या खोऱ्यात १५.५ आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात २०.२ मीटर आहे, असे सरकार सांगते. दशांशापर्यंतचे आकडे पाहून प्रश्नकर्त्याचे समाधान होते. मात्र प्रत्येक आकड्यापुढे अधिक-उणे अशी खूण करून आणखी एक आकडा छापलेला असतो. १४.९ पुढे १५.१, सिंधूच्या १२.७ पुढे १३.२. सरासरीहून तफावतच मोठी असलेले हे उत्तर सभागृहाच्या पटलावर ठेवले जाते आणि कालांतराने पुन्हा तोच प्रश्न येतो.

वस्तुतः प्रश्नच अपुरा आहे. हिमनदीचे मुख किती मागे गेले, हे उपग्रहाच्या छायाचित्रांवरून कळते. परंतु त्या मुखामागे बर्फ किती उरला आहे, हे समजण्यासाठी त्याची जाडी ठाऊक हवी आणि जाडी वरून दिसत नाही. ती मोजण्याचा सर्वांत विश्वासार्ह व्यवहार्य मार्ग रेडिओलहरींचा आहे. बर्फातून या लहरी एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, सुमारे १६८ मीटर अंतर कापतात आणि तळाच्या खडकावर आदळून परततात. जाण्यायेण्यास लागलेल्या वेळेवरून जाडी निघते. अंटार्क्टिका व ग्रीनलंडमध्ये हे काम विमानांतून कित्येक दशके चालू आहे.

हिमालयात ते इतके सोपे नाही. येथील हिमनद्यांच्या खालच्या भागांतील बर्फ वितळण्याच्या उंबरठ्यावर असतो, त्याच्या पोटात पाणी असते आणि उच्च वारंवारितेच्या लहरी त्या पाण्यावर विखुरतात. म्हणून अवघ्या काही मेगाहर्ट्झच्या लहरी वापराव्या लागतात. त्यांची तरंगलांबी काही दशक मीटर असल्याने अँटेनाही तशाच लांबलचक लागतात, आणि त्या समुद्रसपाटीपासून चार-पाच हजार मीटर उंचीवर, भेगांनी भरलेल्या बर्फावरून ओढत न्याव्या लागतात. शिवाय अरुंद दरीच्या दोन्ही भिंतींवरूनही प्रतिध्वनी येतात. त्यांतून तळाचा प्रतिध्वनी ओळखणे ही स्वतंत्र विद्याच म्हटली पाहिजे.

तरीही हे काम भारतात झालेले आहे. हिमाचल प्रदेशातील लाहौल-स्पिती जिल्ह्यात चंद्रा नदीच्या खोऱ्यातील छोटा शिग्री हिमनदीवर दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे आणि फ्रान्सचे संशोधक २००२ पासून नोंदी ठेवीत आहेत. त्यांनी २००९ मध्ये पाच ठिकाणी आडवे छेद घेऊन रेडिओलहरींनी जाडी मोजली. ४,४०० मीटर उंचीवरील छेदात ती जास्तीत जास्त १२४ मीटर, तर ४,९०० मीटर उंचीवरील छेदात २७० मीटर भरली. परंतु एका हिमनदीवरून देशाचा हिशेब होत नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या यादीत भारतीय हिमालयातील ९,५७५ हिमनद्या आहेत. यांपैकी ७६ हिमनद्यांच्या पुढे-मागे सरकण्याचा अभ्यास आणि ९ हिमनद्यांच्या वस्तुमानाचा ताळेबंद या संस्थेने केल्याचे सरकारने सांगितले आहे. जाडीचा उल्लेख या उत्तरांत क्वचितच आढळतो.

मोजमाप नसले की अनुमान येते, आणि अनुमाने कशी हेलकावतात ते पाहण्यासारखे आहे. २०१९ मध्ये 'नेचर जिओसायन्स'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने आशियातील उंच पर्वतरांगांतील बर्फाचा साठा पूर्वीच्या अंदाजापेक्षा २७ टक्क्यांनी कमी असल्याचे म्हटले. २०२२ मध्ये त्याच नियतकालिकातील दुसऱ्या अभ्यासाने हिमालयातील साठा आधीच्या अंदाजापेक्षा ३७ टक्क्यांनी अधिक ठरवला. दोन्ही अभ्यासांचे क्षेत्र तंतोतंत एक नाही, हे खरे. पण दोन्ही प्रामुख्याने उपग्रहांच्या नोंदी व गणिती प्रतिमानांवर उभे आहेत आणि ती प्रतिमाने पडताळून पाहण्यासाठी लागणारी हिमालयातील प्रत्यक्ष मोजमापे हाताच्या बोटांवर मोजावीत अशी आहेत.

हा केवळ शास्त्रज्ञांचा वाद असता तर राजकीय पानावर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. पण चंद्रा नदी पुढे तांदी येथे भागेला मिळते आणि चिनाब बनते. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताने १९६० चा सिंधू जल करार स्थगित ठेवण्याचे जाहीर केले, तेव्हापासून चिनाबचे पाणी अडवण्याची, वळवण्याची आणि तिच्यावरील जलविद्युत प्रकल्पांना वेग देण्याची भाषा राजधानीत मोठ्या आत्मविश्वासाने बोलली जाते. प्रवाहाचे आकडे सर्वांच्या तोंडी असतात. परंतु हिमनद्या वितळू लागल्या की आरंभी प्रवाह वाढतो आणि साठा आटत गेल्यावर तो घटतो. छोटा शिग्री वर्षाला सरासरी सुमारे अर्धा मीटर पाण्याइतका बर्फ गमावते आहे. म्हणजे उन्हाळ्यातल्या पाण्यात व्याजाबरोबर मुद्दलही वाहते आहे. मुद्दल किती, हे ठाऊक नसताना साठ-सत्तर वर्षांच्या आयुष्याचे धरण कोणत्या प्रवाहावर आखायचे? सावकारही असा व्यवहार करणार नाही.

जाडी मोजल्याचा दुसरा लाभ अधिक तातडीचा आहे. वरच्या पृष्ठभागाच्या उंचीतून जाडी वजा केली की बर्फाखालच्या खडकाचा आकार कळतो. त्यात जेथे खळगे आहेत, तेथे बर्फ हटल्यावर तलाव साचू शकतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक तलाव फुटला आणि चुंगथांगचे १,२०० मेगावॅट क्षमतेच्या तिस्ता-३ प्रकल्पाचे धरण वाहून गेले. हिमनदी मागे हटत गेली तसतसा वाढत गेलेला हा तलाव होता. पुढचे तलाव कोठे साचणार, याचा नकाशा आधी हाती असणे अशक्य नाही.

अडचण पैशाइतकीच रचनेचीही आहे. भूवैज्ञानिक सर्वेक्षण खाण मंत्रालयाच्या अखत्यारीत, रुरकीची राष्ट्रीय जलविज्ञान संस्था जलशक्ती मंत्रालयाकडे, डेहराडूनची वाडिया संस्था विज्ञान व तंत्रज्ञान विभागाकडे, उपग्रहांचे काम अंतराळ विभागाकडे. स्पितीत २०१६ पासून 'हिमांश' हे संशोधन स्थानक चालवणारे राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र भूविज्ञान मंत्रालयाचे, आणि त्याचे मुख्यालय गोव्यात वास्कोला, समुद्रकिनारी! (अंटार्क्टिकाला बोटी जातात त्या दृष्टीने ते योग्यच आहे.) सचिवालयात काम करणाऱ्या वाचकांना यापुढे काही सांगण्याची गरज नसावी. २०२३ मध्ये जलसंपदाविषयक संसदीय स्थायी समितीने हिमनद्यांवर स्वतंत्र अहवाल सादर केला, पण त्याची चर्चा अल्पच झाली.

हेलिकॉप्टरला रडार टांगून एकेका उड्डाणात अनेक हिमनद्या मोजता येतात. ब्रिटिश अंटार्क्टिक सर्वेक्षणाच्या पथकाने २०१९ मध्ये नेपाळमध्ये असे रडार चालवून पाहिले. आपल्या भूविज्ञान मंत्रालयानेही २०२१ च्या आरंभी चंद्रा खोऱ्यापासून असे सर्वेक्षण सुरू करण्याचा मनोदय जाहीर केला होता.

हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील, या आंतरसरकारी समितीच्या २००७ च्या विधानावरून दिल्लीत केवढे वादळ उठले होते, ते वाचकांना आठवत असेल. जानेवारी २०१० मध्ये समितीने त्याबद्दल खेद व्यक्त केला आणि आपल्याकडे विजयाचा सूर उमटला. विधान चुकीचेच होते. पण त्या विजयानंतर मुखाचे मीटर मोजण्याची आपली सवय तशीच राहिली.

एखाद्या सदस्याला मनात आणले तर तीन उपप्रश्नांचा एक अतारांकित प्रश्न पुरेल: आजवर किती भारतीय हिमनद्यांची जाडी प्रत्यक्ष मोजली गेली, २०२१ मध्ये जाहीर झालेल्या हवाई सर्वेक्षणात किती उड्डाणे झाली आणि ही सर्व माहिती कोणाच्या ताब्यात आहे. लोकसभेत त्यासाठी पूर्ण पंधरा दिवसांची सूचना लागते. उत्तर कोणत्या मंत्रालयाने द्यायचे, हे ठरवण्यातच त्यातले बरेचसे दिवस जातील.