उठून जाऊ न शकणारं गिऱ्हाईक

पहिल्याच खेपेला सदोष निघालेलं हत्यार पुढे सुधारतं का? भारतीय लष्कराच्या इन्सास रायफलीचा विषय निघाला की बहुतेक जण ‘नाही’ म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. हत्यार सुधारतं, पण ते चालवणाऱ्याच्या तक्रारीला किंमत असेल तरच.

नागपूरच्या इतवारीत माझं वजनकाट्यांचं दुकान आहे. एका कंपनीचा नवा इलेक्ट्रॉनिक काटा बाजारात आला. सकाळी बरोबर, दुपारी ऊन तापलं की रिकाम्या ताटलीवरही वीस-तीस ग्रॅम दाखवायचा. दोष वजन टिपणाऱ्या लोडसेलमध्ये होता. किराणा ओळीतल्या व्यापाऱ्यानं तो माझ्या काउंटरवर आणून ठेवला, पैसे परत घेतले आणि शेजारच्या दुकानातून दुसरा काटा नेला. असे काटे परत यायला लागले तसा कंपनीचा माणूस धावत आला. सगळे लोडसेल बदलून मिळाले. आज तेच मॉडेल मी निर्धास्तपणे विकतो.

जवानाला शेजारचं दुकान नसतं. माझा धाकटा भाऊ गडचिरोलीत सीआरपीएफमध्ये होता, म्हणून हे मनाला लागतं.

इन्सासचा आराखडा पुण्याच्या एआरडीई या डीआरडीओच्या संस्थेतला. 1999 मध्ये कारगिलच्या थंडीत तिची प्लॅस्टिकची मॅगझिनं तडकल्याच्या, गोळी अडकल्याच्या, तेल उडून डोळ्यांत गेल्याच्या तक्रारी आल्या. 2005 मध्ये हीच रायफल वापरणाऱ्या नेपाळच्या सैन्यानंही तिच्याकडे बोट दाखवलं. दुरुस्त्या झाल्या, सुधारित आवृत्ती निघाली. विश्वास मात्र परतला नाही. 2019 मध्ये अमेरिकी सिग 716 जातीच्या 72,400 रायफली मागवाव्या लागल्या, आणि आता अमेठीजवळच्या कोरव्यात सहा लाखांवर एके-203 बनायच्या आहेत. आराखडा पुण्यात, कारखाना ईशापूरला, खरेदीची सही दिल्लीत आणि ट्रिगरवर बोट द्रासमध्ये. कारखान्यांना ऑर्डर सरकारकडूनच मिळत राहणार होती. मग घाई कुणाला?

अमेरिकेची एम-16 रायफल व्हिएतनाममध्ये याहून वाईट रीतीनं अडकत होती. सैनिकांनी घरी पत्रं लिहिली, 1967 मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीनं चौकशी करून दोष छापून काढले. चेंबरला क्रोमचा मुलामा आला, सफाईचं साहित्य हातात पडलं आणि त्या घराण्यातल्या रायफली आजही वापरात आहेत. उलट उदाहरण हवं असेल तर सिगच्या पी-320 पिस्तुलाचं घ्या. हातातून पडल्यावर गोळी सुटू शकते हे 2017 मध्ये बाहेर आलं. कंपनीनं फुकट दुरुस्ती देऊ केली, तरी आपोआप गोळी सुटल्याचे दावे नंतरही न्यायालयांत गेले. कंपनी दोष नाकारते. एकदा शंका बसली की ती काढणं इतकं जड जातं.

म्हणूनच पुण्यातली पुढची गोष्ट मला मोलाची वाटते. इन्सास घराण्यातली कार्बाइन लष्करानं स्वीकारली नव्हती. त्याच संस्थेनं आराखडा नव्यानं मांडला, आणि त्यातून आलेली जेव्हीपीसी कार्बाइन डिसेंबर 2020 मध्ये लष्कराच्या अंतिम चाचण्यांत उतरली. ‘अस्मी’ हे मशीन पिस्तूल तर लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड या लष्करी अधिकाऱ्यानं एआरडीईच्या साथीनं घडवलं. 2024 मध्ये लष्कराच्या उत्तर विभागासाठी 550 अस्मींची ऑर्डर निघाली. हत्यार ज्यांना वापरायचं, त्यांच्यातलाच एक जण आराखड्यापाशी बसला होता.

आपल्या नागपूरला हा प्रश्न परका नाही. आयुध निर्माणी मंडळ 2021 मध्ये मोडून ज्या सात सरकारी कंपन्या झाल्या, त्यातल्या यंत्र इंडियाचं मुख्यालय अंबाझरीला आहे. लष्कराचे नवे हातबॉम्बही इथल्याच खासगी कारखान्यात बनतात. माझी मागणी साधी आहे. नवं हत्यार दिल्यावर पहिली दोन वर्षं प्रत्येक तुकडीची तक्रार संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे थेट जावी. सदोष खेप परत पाठवायचा अधिकार तुकडीच्या प्रमुखाला असावा, आणि बदली माल हातात पडेपर्यंत कारखाना सरकारी असो की खासगी, त्याचं बिल थांबावं.