केराचा आठवडा

आमची लेक सहा महिन्यांच्या उमेदवारीसाठी जर्मनीला निघाली, तेव्हा तिच्या दोन्ही बॅगा मी शिगोशीग भरल्या. 'उमेदवारी' हा शब्द माझा. ती 'इंटर्नशिप' म्हणते. उमेदवारी म्हटले की तिला निवडणूक आठवते. असो. मेतकूट, गोडा मसाला, भाजणी, बेसनाचे लाडू, लहान कुकर, सुईदोरा, तापाच्या गोळ्या, इतकेच काय, पोळपाट-लाटणेसुद्धा! "परक्या मुलखात कुणापुढे हात पसरायची वेळ येऊ नये," असे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगत होते. आमचे 'हे' म्हणाले, "केरसुणी तेवढी राहिली." मी नुसते त्यांच्याकडे पाहिले.

स्टुटगार्ट हे मोटारींचे शहर. तिथल्या एका कारखान्यात एप्रिल ते सप्टेंबर ती काम शिकणार होती. रोज रात्री साडेनऊला आम्ही फोन लावायचो. उन्हाळ्यात तिथले घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे, म्हणजे तिचे सहा वाजलेले. ती कुकर लावायची आणि आम्ही सुपारी कातरत पडद्यावर तिच्यासमोर बसायचो. "अगदी शेजारच्या खोलीत असल्यासारखी वाटते हो!" असे मी कॉलेजात सगळ्यांना सांगून घेतले.

तिसऱ्या रविवारी ती रडली. तिथे रविवारी दुकाने बंद, रस्ते निवांत, घरात खडखडाट करायचीसुद्धा बंदी. "आई, शुक्रवारपासून मी समोरच्या माणसाशी एक शब्द बोललेली नाही. मी परत येऊ का?"

'ये' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. तेवढ्यात यांनी विचारले, "काम सुटल्यावर तुझ्याबरोबरची मंडळी कुठे जातात ग?"

"जातात नदीकाठी कुठेतरी. मलाही दोनदा विचारलं होतं. पण सहाला तुमचा फोन असतो ना, बाबा."

त्या रात्री मला झोप लागली नाही. वर्गात आनंदीबाई जोशी मी कितीदा तरी शिकवल्या आहेत. १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ही मुलगी कलकत्त्याहून बोटीत बसली. घरच्या पत्राला यायला आठवडेच्या आठवडे लागत. जीव घाबरला की बोलायचे कोणाशी? ज्यांच्या घरी ती उतरली, त्या कार्पेंटरबाईंशी. त्यांना ती मावशी मानू लागली आणि ते नाते असे जडले, की १८८७ साली पुण्यात तिचा अंत झाल्यावर तिच्या अस्थी पकीप्सी गावी कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत विसावल्या. हे सारे मी परीक्षेच्या उत्तरासारखे शिकवत आले. आमच्या साडेनऊच्या फोनने लेकीच्या वाट्याची मावशी अडवून धरली आहे, हे मात्र माझ्या ध्यानात आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही ठरवले, फोन फक्त रविवारी. पहिला आठवडा मला फार जड गेला, हे कबूल करते.

त्याच आठवड्यात तिच्या दाराच्या मुठीला कोणीतरी एक पाटी अडकवून गेले. एरवी तिने तिचे छायाचित्र आधी आम्हांलाच पाठवले असते. पण फोनचा वार नव्हता. म्हणून ती जिना उतरून खालच्या मजल्यावरच्या आजींकडे गेली. पाटीवर लिहिले होते 'केअरवोखे'. म्हणजे त्या आठवड्यात जिना झाडण्या-पुसण्याची पाळी हिची. त्या भागातली ही जुनी रीत. प्रत्येकाने आठवड्याला आपापली घाण गावाबाहेर न्यावी, अशी तिथली आज्ञा १४९२ सालापासूनची. जर्मन 'केअर' म्हणजे झाडणे आणि आपला 'केर' तर केरच! व्युत्पत्ती जुळवण्याच्या फंदात मी पडत नाही, पण शब्द ऐकून मला तो मुलूख एकदम निम्मा ओळखीचा वाटला.

लेकीजवळ झाडू नव्हता. आजींनी आपला दिला आणि पायरीवर उभ्या राहून कोपरे दाखवले. झाडू परत करताना, रिकाम्या हाती कसा द्यायचा, म्हणून हिने डब्यात चार लाडू घातले. डबा परत आला तो सफरचंदाचा केक घेऊन. आमच्या वाड्यात साखरेची वाटी अशीच कधी रिकामी फिरली नाही. आणि त्या फिरणाऱ्या वाटीमुळेच कोणाकडे कोण आजारी आहे, हे साऱ्या वाड्याला ठाऊक असे.

जर्मन भाषेतही आपल्यासारखे 'तू' आणि 'तुम्ही' आहे: 'डू' आणि 'झी'. वडीलधाऱ्याने होऊन 'डू' म्हणायची मुभा द्यायची, धाकट्याने आपणहून घ्यायची नाही, अशी रीत. जुलैत आजींनी ती मुभा दिली, तेव्हा लेकीने रविवारची वाट पाहिली नाही. भर कामाच्या दिवशी फोन करून सांगितले. आपल्याकडे आजीला 'अग' म्हणायला परवानगी लागत नाही. पण मिळवलेल्या 'अग'चा आनंदही आपल्याला ठाऊक नसतो.

सहा महिन्यांत तिने मित्रांचा मेळा जमवला, असे नाही. या आजी आणि कामावरच्या दोघी, एवढीच जमा. पण नदीकाठी ती जाऊ लागली, आणि 'परत येऊ का' हे पुन्हा विचारले नाही.

बॅगा भरताना मी सगळे दिले ते तिला कोणाची गरज पडू नये म्हणून. मैत्री उपयोगी पडली ती नेमकी न दिलेल्या वस्तूच्या वाटेने. ज्याला कोणाचेच काही लागत नाही, त्याच्याकडे डबा तरी कोण पाठवणार?

आता ती घरी आली आहे. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहायचे, हे काम यंदा तिने मागून घेतले आहे. आजींना फोनवर दाखवायची आहे म्हणे. 'हे' काही बोलत नाहीत, नुसते माझ्याकडे पाहतात.