मांजरीचे कूळ आणि मांजरीचे पोट



मालेगाव म्हटले की बाहेरच्या माणसाला नाशिक जिल्ह्यातील यंत्रमागांचे शहर आठवते. आपले मालेगाव वाशीम जिल्ह्यातले. सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याच्या पोत्यांचे, आणि शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटेवरचे. जिथे धान्य तिथे उंदीर, आणि जिथे उंदीर तिथे मांजर, हा न्याय आपल्या बाजारपेठेला जुनाच आहे. अशी मांजर कोणाच्या मालकीची नसते. सकाळी एका ओसरीवर, दुपारी दुसऱ्याच्या कोठारात आणि रात्री तिसऱ्याच्या पत्र्यावर ती वावरते. तिची जात कोणी विचारीत नव्हते.

आता विचारू लागले आहेत. पुण्यात, बंगळुरूत किंवा अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मुलाबाळांच्या घरी मांजर पाळली जाते, आणि घरबसल्या तिची डीएनए चाचणी करून घेण्याची सोयही आता उपलब्ध झाली आहे. सुटीत गावी आलेली नात आजीच्या अंगणातील मांजरीकडे बोट दाखवून विचारते, ‘हिची पण चाचणी करायची का?’ या प्रश्नाला हसून वाटेला लावू नये, असे वाटते. अशी चाचणी काय सांगते, काय सांगत नाही आणि आपल्यासारख्या शाकाहारी घराला तिच्यातून काय शिकण्यासारखे आहे, याचा विचार या लेखात करू.

चाचणीची रीत सोपी आहे. पेटीतून आलेली कापसाची किंवा ब्रशसारखी काडी मांजरीच्या गालाच्या आतील बाजूस, हिरडीपाशी काही क्षण फिरवायची, नळीत बंद करायची आणि प्रयोगशाळेला पाठवायची. गालाच्या अस्तरातील पेशी काडीला चिकटतात. त्या पेशींतून डीएनए वेगळा काढला जातो. मांजरीच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या १९ जोड्या, म्हणजे ३८ गुणसूत्रे असतात. त्यांवरील ठरावीक जागी काय लिहिले आहे ते यंत्राने वाचून संग्रहातील इतर मांजरींशी ताडून पाहतात. नमुना घेण्यापूर्वी मांजरीने नुकतेच खाल्लेले नसावे, दोन मांजरींनी एकाच वाटीत तोंड घातलेले नसावे आणि दूध पिणारे पिल्लू आईपासून थोडा वेळ दूर ठेवलेले असावे. नाही तर एकीच्या नमुन्यात दुसरीचा डीएनए मिसळतो. परदेशात या चाचणीला शंभर डॉलर किंवा त्याहून अधिक खर्च येतो.

अहवालात सर्वांत आधी डोळ्यांत भरतो तो जातीचा तक्ता: इतके टक्के पर्शियन, इतके टक्के सयामी. येथे सावध राहावे. मांजरीच्या जाती कुत्र्यांच्या जातींइतक्याही जुन्या नाहीत. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वेअर यांनी मांजरींचे पहिले मोठे प्रदर्शन भरविले ते १३ जुलै १८७१ रोजी. आज ज्यांना आपण ‘जातिवंत’ म्हणतो त्यांतील बहुतेक जाती त्यानंतरच्या दीडशे वर्षांत माणसाने साध्या मांजरींतून निवडून, जोडून तयार केल्या. म्हणून मालेगावच्या मांजरीच्या अहवालात ‘दहा टक्के पर्शियन’ आले, तर तिचा पणजोबा इराणहून आला असा त्याचा अर्थ होत नाही. संग्रहातील पर्शियन मांजरींशी तिच्या काही खुणा जुळतात, एवढाच तो अर्थ. गंमत अशी की, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात खुद्द पर्शियन मांजर पश्चिम युरोपातील मांजरींच्या जवळची ठरली. नावात इराण असूनही रक्तात युरोप! कुळाचा अभिमान किती जपून बाळगावा, हे मांजरीकडूनही शिकता येते.

खरे कूळ पाहू गेल्यास सर्व मांजरींचे एकच आहे. आपल्या ओसरीवरची मांजर आणि न्यूयॉर्कच्या सदनिकेतील मांजर या दोघींची मूळ आजी म्हणजे आफ्रिका व पश्चिम आशियातील रानमांजर, हे २००७ साली डीएनएच्या आधाराने दाखविण्यात आले. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेली सापडली आहे. शेती आली, कोठारे आली, उंदीर आले आणि त्यांच्यामागोमाग मांजर माणसाच्या उंबऱ्याशी आली. म्हणजे आपल्या बाजारपेठेतील पोत्यांवर बसलेली मांजर आजही आपल्या मूळ व्यवसायावरच आहे.

रंगाच्या बाबतीत मात्र डीएनए मोठी मौज दाखवितो. काळा, पांढरा आणि नारिंगी असे तिन्ही रंग अंगावर असलेली तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच का असते? कारण नारिंगी रंगाचे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. मादीकडे एक्स गुणसूत्रे दोन असतात आणि तिच्या प्रत्येक पेशीत त्यांतील एकच काम करते. जिथे नारिंगीचे जागे असते तिथे ठिपका नारिंगी, जिथे दुसरे जागे असते तिथे काळा. ते जनुक नेमके कोणते, याचा उलगडा २०२५ साली जपानमधील क्युशू विद्यापीठाच्या आणि अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटांनी स्वतंत्रपणे केला. त्यापूर्वी, डिसेंबर २००१ मध्ये, टेक्सासमध्ये जगातील पहिली क्लोन मांजर जन्माला आली होती. तिची जनुकीय आई तिरंगी होती. पण तिच्या या हुबेहूब प्रतीच्या अंगावर नारिंगी ठिपका एकही नव्हता. डीएनए तोच, जीव मात्र वेगळा. एखादी प्रिय मांजर गेल्यावर ‘तशीच’ परत मिळविण्याचे स्वप्न पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

चाचणीचा खरा उपयोग आरोग्याच्या भागात आहे. पर्शियन मांजरींत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक विकार आढळतो. त्याला कारण असलेला जनुकातील बदल २००४ साली सापडला. आई-वडिलांपैकी एकाकडून तो आला तरी पुरेसा असतो. म्हणून बाधित मांजरीच्या पिल्लांपैकी साधारण निम्म्यांना तो मिळतो. मोठ्या केसांच्या मेन कून जातीत हृदयाचा स्नायू जाड होण्याशी निगडित असा बदल २००५ साली ओळखला गेला. रक्तगटही डीएनएवरून कळू शकतो, आणि ‘बी’ गटाच्या मांजरीला ‘ए’ गटाचे रक्त चढविले गेल्यास ते प्राणघातक ठरू शकते. पण अहवालातील धोक्याची खूण म्हणजे रोगनिदान नव्हे. हृदयाचा तो बदल असलेल्या अनेक मांजरी निरोगी आयुष्य जगतात आणि तो नसलेल्या मांजरींनाही हृदयविकार होतो. कागद पाहून घाबरू नये, कागद पाहून औषध देऊ नये. सोनोग्राफी व तपासणी पशुवैद्यकाकडूनच करवावी. आपल्या भागातील लोकांस त्यासाठी अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था जवळची आहे.

आता या लेखाचा मुख्य मुद्दा. चाचणीचा अहवाल एक मांजर दुसरीहून कशी वेगळी आहे ते सांगतो. पण आपल्या घराला ज्याची सर्वाधिक गरज आहे ते ज्ञान सर्व मांजरींत समान असल्यामुळे जातीच्या तक्त्यात सापडत नाही. ते असे की, मांजरीचा डीएनएच तिला मांसाहारी ठरवितो.

हे कसे, ते पाहा. २००५ साली फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतील शास्त्रज्ञांनी दाखविले की, गोड चव ओळखण्यासाठी लागणाऱ्या दोन जनुकांपैकी एकाचा तुकडा मांजरीत गळून गेला आहे आणि ते निकामी झाले आहे. वाघ आणि चित्त्यातही तसेच आढळले. आपल्या ताटातील शिरा मांजरीच्या जिभेला गोड लागतच नाही. दुसरे, टॉरिन नावाचा एक आवश्यक घटक तिचे शरीर पुरेसा तयार करू शकत नाही. निसर्गात तो तिला प्राण्यांच्या मांसातून मिळतो, वनस्पतींत तो जवळजवळ नसतो. टॉरिन कमी पडल्यास मांजरीच्या डोळ्याचा पडदा झिजतो, हे १९७५ साली सिद्ध झाले. हृदय फुगून दुबळे होते, हे १९८७ साली. तिसरे, गाजर-भोपळ्यातील पिवळ्या द्रव्यापासून आपले शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनविते. मांजरीचे बनवीत नाही. चौथे, वाढलेल्या अनेक मांजरींना दूध पचतच नाही, आणि त्यांना हगवण लागते.

म्हणजे ज्या दूध-पोळीला आपण पिढ्यान्‌पिढ्या मांजरीचे अन्न समजत आलो, त्यावर मांजर कधीच जगली नव्हती. ती जगली ती आपल्या नजरेआड, कोठारातल्या उंदरांवर. तिला बाहेर जाण्याची मोकळीक होती, तोवर आपल्या दूध-पोळीने तिचे नुकसान झाले नाही आणि आपल्या मनालाही प्रश्न पडला नाही. प्रश्न पडतो तो आता. कारण आता मांजर सदनिकेच्या दाराआड राहते आणि वाटीत जे पडेल तेवढेच तिच्या पोटात जाते. बंद दाराआड केवळ दूध-भातावर ठेवलेली मांजर काही काळ धडधाकट दिसते. नुकसान आत, हळूहळू होत असते आणि डोळ्यांवर परिणाम दिसू लागतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. दयेपोटी पाळलेल्या जिवाला आपल्याच हाताने आंधळे करणे, ही कोणती दया?

मग शाकाहारी कुटुंबाने काय करावे? मार्ग तीन दिसतात, आणि तिन्ही प्रामाणिक आहेत. पहिला, मांजर न पाळणे. मुलाला जीव लावायला जीव हवाच असेल, तर ससा आहे, गाय-वासरू आहे; त्यांचे अन्न आणि आपले मन यांत झगडा नाही. दुसरा, पाळायची तर तिच्या प्रकृतीला योग्य असे तयार खाद्य पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यायचे आणि हा निर्णय घरातील वडीलधाऱ्यांशी आधी मोकळेपणी बोलून घ्यायचा. पिल्लू घरी आणल्यावर नव्हे. कृत्रिमरीत्या बनविलेले टॉरिन व इतर घटक घातलेली वनस्पतिजन्य खाद्येही परदेशात मिळतात. त्यांविषयी पशुवैद्यकांत एकमत नाही. त्यामुळे तो मार्ग धरणाऱ्याने नियमित तपासणी चुकवू नये आणि स्वयंपाकघरात स्वतः प्रयोग तर मुळीच करू नयेत. तिसरा, अंगणातील मांजरीला अंगणातील राहू द्यायचे: उन्हाळ्यात पाण्याचे भांडे, आजारपणात उपचार आणि पिलावळ उकिरड्यावर मरू नये म्हणून वेळेवर नसबंदी. तिचे पोट ती भरील. या तिन्हींपैकी कोणता मार्ग घ्यावा हे ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडलेले बरे. मात्र आपले समाधान व्हावे म्हणून तिला अर्धपोटी ठेवण्याचा चौथा मार्ग कोणीही धरू नये.

येथे शेतकरी वाचकांसाठी एक सूचना जोडतो. सोयाबीनच्या सोंगणीत किंवा तुरीच्या शेतात मांजरीसारखी पिल्ले सापडतात. ती कधी रानमांजराची असतात, तर कधी वाघाटीची. वाघाटी ही जगातील सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक आणि आपल्या महाराष्ट्रात आढळणारी. ती कोणत्या जातीची हे ठरविण्यासाठी घरगुती चाचणी नको आणि ती घरीही आणायला नकोत. आई बहुधा जवळच असते आणि अंधार पडल्यावर पिल्ले घेऊन जाते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार वन्य प्राणी पाळता येत नाही. सोंगणी तेवढ्या तुकड्यात थांबवावी, पिल्लांना हात लावू नये आणि वनविभागास कळवावे.

शेवटी पैशाचा विचार. ‘जातिवंत’ पिल्लांचा व्यापार आता आपल्या जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोहोचू पाहत आहे आणि चाचणीचा कागद त्या व्यापारात किंमत वाढविण्याच्या कामी येऊ शकतो. बाराव्या शतकातील आचार्य हेमचंद्रांनी ‘योगशास्त्रा’त श्रावकाने टाळावयाच्या पंधरा धंद्यांत असतीपोषण सांगितले आहे, आणि पैशासाठी ज्यांचे पोषण करू नये अशा प्राण्यांत मांजरीचे नाव स्पष्टपणे घेतले आहे. आठशे वर्षांपूर्वीची ती दृष्टी आजच्या पर्शियन पिल्लांच्या बाजारालाही लागू पडते. चपट्या नाकामुळे ज्यांना श्वास घेणे जड जाते अशी पिल्ले केवळ देखणी दिसतात म्हणून जन्माला घालणे आणि विकणे, हा डीएनएचा नव्हे तर लोभाचा प्रश्न आहे.

तेव्हा नातीने विचारले तर तिला सांगावे: पिल्लू विकत घेतलेल्या जातीचे असेल आणि आनुवंशिक विकाराची शंका असेल, तर चाचणी जरूर करावी, त्या पैशाचे चीज होईल. अंगणातल्या मांजरीचे कूळ जाणण्यासाठी करावयाची असेल, तर ते कूळ साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या कोठाराशी जाऊन पोहोचते, एवढे ठाऊक असले तरी पुरे. वाचलेल्या पैशात तिची नसबंदी आणि लसीकरण करून घ्यावे.