सातबाऱ्यावरील बहिणीचे नाव

कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्याचे समुद्राकडे पाठ करून सह्याद्रीच्या पायथ्याशी टेकलेले तालुके. उल्हास आणि पाताळगंगा यांच्या खोऱ्यांतील भातखाचरे ही येथील सधन घराण्यांची पिढीजात दौलत. घरातील कर्ता पुरुष निवर्तला की दिवसकार्य आटोपते, वारसांची नावे तलाठ्याकडे लागतात आणि मग एके दिवशी सासरी नांदणाऱ्या बहिणींना तालुक्याच्या गावी येण्याचा निरोप जातो. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्रावर सह्या होतात, गोडाचे जेवण होते, साडीचोळी होते, आणि सातबाऱ्यावर काही काळ आलेली नावे फेरफाराने निघून जातात. भांडण नाही, तंटा नाही; म्हणूनच या व्यवहाराला अन्याय म्हणण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

वस्तुतः या भागातील अनेक घरांची जमीन हीच मुळी न्यायाच्या एका मोठ्या तत्त्वाने मिळालेली आहे. ‘कसेल त्याची जमीन’ हे ते तत्त्व. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरविला आणि कुळे मालक झाली. भाताची लावणी, बेणणी आणि कापणी ज्यांच्या हातांनी होते, त्यांत स्त्रियांचे हात कमी नव्हते. मालकीचे नाव मात्र पुरुषाचे लागले. खोत आणि सावकार यांच्याविरुद्ध उच्चारलेले तत्त्व घराच्या उंबरठ्याशी येऊन थांबले.

कायद्यानेही पुष्कळ काळ हीच रीत चालविली. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वारस ठरविले. परंतु एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत तिला बापाच्या हिश्शातील हिस्सा तेवढा मिळे. हा हिस्सा किती, ते सांगलीच्या न्यायालयातून निघालेल्या एका दाव्यावरून कळते. घरे, दुकाने व जमीन बाळगणाऱ्या एका कुटुंबाचा कर्ता १९६० साली वारला. मागे पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली राहिल्या. विधवा आईला आपल्या हिश्शासाठी न्यायालयात जावे लागले आणि मुलाने केलेले अपील सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली फेटाळले. आईचा हिस्सा चोवीस भागांपैकी सात ठरला. त्याच हिशेबाने कुटुंबाची जमीन २४ एकर धरली, तर आईला आणि प्रत्येक मुलाला ७ एकर, तर प्रत्येक मुलीला अवघा १ एकर येतो.

पुढे कायदा बदलला. महाराष्ट्राने १९९४ साली मुलीला मुलासारखाच जन्मसिद्ध हक्क दिला, पण आधीच लग्न झालेल्या मुली वगळल्या. केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीने हा भेदही काढला. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या कायम राहिल्या. वडील २००५ पूर्वी वारले असले तरी मुलीचा हक्क बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली निःसंदिग्धपणे सांगितले. त्याच २४ एकरांची आजच्या कायद्याने वाटणी केली, तर सहाही जणांना प्रत्येकी ४ एकर येतात. एकाचे चार झाले, पण कागदावर. हक्कसोडपत्राच्या एका सहीने चाराचे शून्य होते.

यावर सांगितले जाते की मुलीच्या लग्नात खर्च झालेलाच असतो. मुलाच्या शिक्षणावर आणि लग्नावरही तो झालेला असतो; त्याची वजावट कोणी मागत नाही. मुलगी शेत कसत नाही, असेही म्हणतात. नोकरीसाठी ठाण्या-डोंबिवलीला स्थायिक झालेला भाऊ तरी कोठे कसतो? जमिनीचे तुकडे होतील ही भीती अधिक विचारार्ह आहे. परंतु वारसाने हिस्सा विकायचा ठरविल्यास तो विकत घेण्याचा अग्रहक्क कायद्याच्या कलम २२ ने इतर वारसांना दिलेला आहे, आणि तो शेतजमिनीलाही लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केले. शेत अखंड ठेवायचे असेल, तर भावाने बहिणीच्या हिश्शाचे मोल द्यावे. मोल न देता अखंड राहिलेले शेत ही काटकसर नव्हे.

हा प्रश्न आज अधिक निकडीचा झाला आहे, कारण जमीन आता केवळ भात पिकवीत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खालापुरातून गेला. कर्जतच्या माळांवर शहरवासीयांची शेतघरे उठली. ज्या वरकस जमिनीकडे पूर्वी कोणी पाहत नसे, तिलाही गिऱ्हाईक आले. बहिणीने माया म्हणून सोडलेला हक्क भाऊ पुढे बाजारभावाने विकतो, तेव्हा त्या मायेची किंमत कोणी वसूल केली हे निराळे सांगावे लागत नाही.

हक्क सोडण्याचा अधिकार बहिणीला आहेच. पण माहेर तुटेल या धास्तीने केलेली सही ही स्वेच्छेची सही नव्हे. म्हणून वारसनोंद आणि हक्कसोडपत्र यांत काही महिन्यांचे अंतर सक्तीचे करावे. सही घेण्यापूर्वी मिळकतीचे चालू मूल्य तिला एकांतात वाचून दाखवावे. सधन बापांनी तर हयातीतच, मुलींना समोर बसवून, वाटणी करावी. गावात चाल पडते ती मोठ्या घरांच्या उदाहरणाने. दरवर्षी भाऊबीजेला ओवाळणी घालणाऱ्या हातांनी सातबाऱ्यावरील बहिणीचे नाव राहू दिले, तर माहेर तुटणार नाही. ते तिला खऱ्या अर्थाने मिळेल.